महाविद्यालयीन नियतकालिक स्पर्धा : परीक्षण कशाचे होते आणि पोच कोणाला मिळते?

पानपूरक :

विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेचा निकाल लागला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत एक ठरावीक छायाचित्र येते. कुलगुरू ढाल देत असतात, प्राचार्य ती स्वीकारत असतात आणि शेजारी कार्यकारी संपादक असलेले प्राध्यापक उभे असतात. ज्यांच्या लेखनासाठी अंक निघतो असे आपण म्हणतो ते विद्यार्थी त्या छायाचित्रात सहसा नसतात. याला कोणाचा दुष्टपणा नव्हे, तर वेळापत्रक कारणीभूत आहे. साहित्य शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात गोळा होते, अंक छापून येईपर्यंत पुढचे वर्ष सुरू झालेले असते, त्यानंतर स्पर्धेचे परिपत्रक निघते, आणि निकाल जाहीर होतो तेव्हा तृतीय वर्षात असलेला विद्यार्थी-संपादक पदवी घेऊन दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्याच्या अंकाला पारितोषिक मिळाल्याचे त्याला कोणी कळवले तर कळते.

मी विभागीय संपादक म्हणून काम केले आहे आणि परीक्षक म्हणूनही बसलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहिलेले सांगतो. परीक्षकासमोर अंकांचा ढीग आणि एक तक्ता असतो. तक्त्यात मुखपृष्ठ, अंतरंग मांडणी, छपाई, संपादकीय, अहवाल, शुद्धलेखन, साहित्यिक मूल्य असे रकाने असतात. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे पाहिला तर रास्त वाटतो, पण एकत्र पाहिले की लक्षात येते, यातले बहुतेक गुण संस्थेला मिळतात. मुखपृष्ठ आणि छपाई हा अंदाजपत्रकाचा प्रश्न असतो; अहवाल कार्यालय आणि विभागप्रमुख लिहितात; संपादकीयावर नाव विद्यार्थ्याचे असले तरी हात पुष्कळदा प्राध्यापकाचा असतो. विद्यार्थ्याच्या कथेचा, कवितेचा किंवा लेखाचा विचार करायला ‘साहित्यिक मूल्य’ हा एकच रकाना उरतो, आणि तोही मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत अशा साऱ्या विभागांना मिळून एकच असतो.

शिवाजी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी व्यावसायिक आणि बिगरव्यावसायिक महाविद्यालयांचे गट वेगळे असतात. हे चांगलेच आहे, कारण अभियांत्रिकीच्या अंकाची कला शाखेच्या अंकाशी तुलना करणे अन्यायाचे होते. परंतु त्यामुळे कोणाची तुलना कोणाशी, एवढाच प्रश्न सुटतो. तुलना कशाची, हा प्रश्न तसाच राहतो. निकालपत्रात प्रथम, द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ अशी चार-पाच नावे असतात, आणि उरलेल्या महाविद्यालयांना आपला अंक का मागे पडला याविषयी एक ओळही कळत नाही. उत्तरपत्रिकेवर शेरा न लिहिता नुसता क्रमांक देणाऱ्या शिक्षकाला आपण चांगला शिक्षक म्हणणार नाही. येथे मात्र तीच पद्धत वर्षानुवर्षे चालली आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रवेशिका म्हणून आलेल्या प्रत्येक अंकाला परीक्षकाने लेखी अभिप्राय द्यावा आणि तो प्राचार्यांबरोबरच विद्यार्थी संपादक मंडळाच्या नावे जावा. एवढा एक बदल झाला तर रकान्यांची फेरमांडणी पाठोपाठ करावीच लागेल, कारण मुखपृष्ठावर दोन ओळींहून अधिक लिहिता येत नाही. परीक्षकाला कथा-कवितांकडे वळावेच लागेल. या विषयात काम केलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील. सहमती असायलाच हवी असे मुळीच नाही.

मुद्रितशोधक :

मी तालुक्याच्या गावी एका मुद्रणालयात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे काम करतो, म्हणून मांडणीच्या गुणांविषयी बोलतो. आमच्याकडे आसपासच्या पुष्कळ महाविद्यालयांचे अंक एकाच हंगामात येतात. वेळ कमी असतो, म्हणून पानांचे साचे तयार ठेवलेले असतात. शीर्षकाखालची नक्षी, कवितेच्या मागचे फिकट चित्र, अहवालाची चौकट, सारे तेच असते. महाविद्यालयाचे बोधचिन्ह आणि प्राचार्यांचे छायाचित्र तेवढे बदलते. उद्या यांतल्या दोन अंकांना मांडणीसाठी वेगवेगळे गुण मिळाले, तर परीक्षकांनी नेमके काय पाहिले हे मला खरोखर समजणार नाही, कारण दोन्ही अंक एकाच संगणकावर एकाच माणसाने लावलेले असतात.

आणखी एक गोष्ट. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या जातात, पण मुद्रिते तपासायला विद्यार्थी येतच नाहीत. प्राध्यापक येतात, घाईत नजर फिरवतात आणि ‘छापायला हरकत नाही’ अशी सही करतात. अंकात पानाच्या हिशेबाचे बंधनही असते. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा, त्यामुळे शेवटी चार पाने जास्त झाली तर काहीतरी गाळावे लागते. गाळली जाते ती कविता किंवा दीर्घकथा. क्रीडा विभागाचा अहवाल गाळल्याचे माझ्या पाहण्यात नाही. परीक्षकांनी एखादे वर्ष अहवालाची पाने आणि विद्यार्थ्यांच्या लेखनाची पाने नुसती मोजून त्यांचे प्रमाण निकालपत्रात छापावे. त्याला गुण देण्याचीही गरज नाही.

खानदेशी :

शुद्धलेखनाच्या रकान्याविषयी सविस्तर लिहितो, कारण ग्रामीण महाविद्यालयांचे सर्वाधिक नुकसान तेथेच होते.

आमच्या भागातील विद्यार्थी घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. प्रमाण मराठीत निबंध लिहायला बसले की ‘पर्यावरण : काळाची गरज’ छापाचे काहीतरी लिहितात, कारण त्या भाषेत त्यांनी शाळेत तेवढेच लिहिलेले असते. त्याच मुलांना आजीची गोष्ट तिच्याच शब्दांत लिहायला सांगितली की दोन पानांत जिवंत माणूस उभा राहतो. परंतु असा मजकूर अंकात छापला तर परीक्षकाच्या लेखी ती अशुद्ध पाने होतात. हे टाळण्यासाठी संपादक प्राध्यापकच बोलीतील वाक्ये ‘सुधारून’ घेतात, आणि लेखन मरते ते तेथे.

ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, त्याच्या परिसरात हे घडावे याचे मला नवल वाटते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. टिपून घेणाऱ्यांनी त्या प्रमाण मराठीत ‘सुधारल्या’ असत्या तर आज आपल्या हाती काय राहिले असते, याचा विचार परीक्षकांनी अवश्य करावा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत आणि १९७२ च्या पुरवणी नियमांत मिळून १८ नियम आहेत, आणि त्यांतही वृत्ताच्या सोयीसाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे. नियम करणाऱ्यांना जे सुचले ते तक्ता करणाऱ्यांना सुचू नये?

माझी सूचना अशी की ‘शुद्धलेखन’ हा रकाना काढून त्या जागी ‘संपादन आणि मुद्रितशोधन’ असा रकाना असावा. चुकीची वेलांटी ही मुद्रितशोधनाची चूक आहे; ‘मी जास’ ही चूक नव्हे, ती अहिराणी आहे. हा फरक ओळखता येत नसेल तर त्या भागातील बोली जाणणारा एक परीक्षक मंडळात हवा.

आकडेमोड :

मी एका विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात काम करतो. कोणते विद्यापीठ ते सांगत नाही. वरील सूचना वाचताना बऱ्या वाटतात, पण त्या अमलात आणणाऱ्याच्या खुर्चीवरून चित्र वेगळे दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे, परीक्षकांना मिळणारे मानधन इतके किरकोळ असते की प्रवासभत्ता हीच खरी रक्कम ठरते. ते एका दिवसात ढीग संपवतात, कारण दुसऱ्या दिवसासाठी तरतूद नसते. प्रत्येक अंकावर पानभर अभिप्राय हवा असेल तर तेवढे वाचायला आठवडे लागतील, आणि ते काम कोणी फुकट करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. लेखी शेरा हा पुरावा असतो. ‘संपादकीय प्राध्यापकांनी लिहिलेले दिसते’ असे परीक्षकाने लिहिले की त्या महाविद्यालयाचे पत्र येते, मग माहितीच्या अधिकारात अर्ज येतो, मग पुढच्या वर्षी ते परीक्षक नको म्हणतात. क्रमांकावर वाद होत नाही, कारण क्रमांकामागचे कारण कोणालाच दिसत नाही. ही पद्धत चांगली आहे असे मी म्हणत नाही. ती टिकली का, एवढेच सांगतो.

तिसरे, महाविद्यालयांना क्रमांकच हवा असतो. ढालीचे छायाचित्र मूल्यांकनाच्या फाईलमध्ये लागते. अभिप्रायाचे पत्र तेथे लावता येत नाही, विशेषतः त्यात दोष दाखवलेले असतील तर.

पानपूरक :

‘आकडेमोड’ यांनी अडचणी स्पष्टपणे मांडल्या याबद्दल आभार. फाईलच्या मुद्द्याविषयी एक भर घालतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या जुन्या स्वयंअध्ययन अहवालात भित्तिपत्रके, महाविद्यालयाचे नियतकालिक आणि इतर प्रकाशने काढण्यासाठी विद्यार्थ्यांना महाविद्यालय कसे सामील करून घेते, असा वर्णनात्मक प्रश्न असे. त्याचे उत्तर लिहिताना निदान विद्यार्थ्यांनी काय काढले, याची यादी करावी लागे. २०१७ च्या सुधारित पद्धतीत संख्यात्मक निकषांचे वजन वाढले आणि मोजता येण्यासारख्या गोष्टींना महत्त्व आले. पारितोषिक मोजता येते. भित्तिपत्रक लावणारी मुले पुढच्या वर्षी अंकाच्या संपादक मंडळात आली, ही गोष्ट कोणत्या रकान्यात भरायची ते कोणालाच ठाऊक नाही.

वादाच्या भीतीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. अभिप्राय लिहिताना परीक्षकाने अंकातील तीन लेखनांची नावे घेऊन त्यांत काय साधले आहे आणि कोठे आणखी काम हवे होते एवढेच लिहावे. प्राध्यापकांचा हात दिसतो की नाही, याची चौकशी करणे हे परीक्षकाचे काम नव्हे. तीन लेखनांवर बारा-पंधरा ओळी लिहायला पूर्ण अंकाचा पंचनामा करावा लागत नाही, आणि त्यावर माहितीचा अधिकार वापरून कोणी काय मिळवणार?

परदेशी वाचक :

मुलीच्या शाळेमुळे अमेरिकेतील एक पद्धत जवळून पाहिली, ती येथे उपयोगी पडेल म्हणून लिहितो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न अशी विद्यार्थी प्रकाशनांची एक संस्था १९२५ पासून काम करते. शाळा-महाविद्यालयांची वृत्तपत्रे, वार्षिके आणि साहित्यिक नियतकालिके तेथे लेखी समीक्षेसाठी पाठवता येतात. समीक्षक गुण देतो, शेरे लिहितो, आणि एकूण गुणांनुसार सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य श्रेणी मिळते. एका वर्षी कितीही अंकांना सुवर्ण श्रेणी मिळू शकते, त्यामुळे शेजारच्या शाळेचा अंक चांगला निघाला म्हणून आपला मागे पडत नाही. यासाठी शाळेला शुल्क भरावे लागते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे शुल्काची कल्पना कितपत रुचेल याची शंका आहे. क्रमांकांऐवजी श्रेणी ही कल्पना मात्र बिनखर्चाची आहे.

सोलापूरकर :

आमच्याकडे काही महाविद्यालयांच्या अंकांत मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर उर्दू आणि कन्नड विभागही असतात. उर्दू विभाग उजवीकडून सुरू होतो, म्हणून तो अंकाच्या शेवटी उलट क्रमाने बांधलेला असतो. मंडळात उर्दू वाचणारे कोणी नसेल तर परीक्षक ती पाने कौतुकाने उलटतात आणि पुढे जातात. त्या मुलींनी लिहिलेल्या गझला आजवर एकाही परीक्षकाने वाचल्या असतील असे मला वाटत नाही. भाषावार परीक्षक नेमणे जमत नसेल तर तेवढा विभाग त्या भाषेच्या प्राध्यापकाकडे टपालाने पाठवावा. त्यासाठी त्यांना प्रवास करण्याचीही गरज नाही.

तृतीय वर्ष कला :

मी अलीकडेच एका महाविद्यालयाच्या अंकाची विद्यार्थी-संपादक होते. वर सर्वांनी परीक्षकांविषयी लिहिले आहे, मी आमच्या बाजूचे लिहिते.

संपादक मंडळात आमची निवड झाली ती गुणवत्ता यादीवरून. आमच्यापैकी कोण काय वाचतो, हे कोणी विचारले नाही. आलेले साहित्य सरांकडे जमा होत होते आणि निवडलेले साहित्य आम्हांला मुद्रणालयातून आल्यावर दिसले. निवड करणे, परत करणे, पुन्हा लिहायला सांगणे ही संपादनाची कामे आमच्या वाट्याला आलीच नाहीत. एकदाच, सर रजेवर असताना, एका मुलाची कथा मी स्वतः वाचून त्याला परत दिली, कारण तिचा शेवट कोणत्यातरी मालिकेतून उचललेला वाटत होता. तो आठवडाभर बोलला नाही आणि नंतर वेगळा शेवट लिहून घेऊन आला. अंकात जी कथा आली ती तीच होती. माझ्या संपादकपदाचा खरा भाग तेवढाच, आणि त्याची नोंद कुठेही नाही. अंकाच्या मालकी-प्रकाशनाविषयीचे जे कायदेशीर निवेदन २०२४ मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत ‘फॉर्म नंबर ४, नियम ८’ खाली छापत, त्यात संपादक म्हणून प्राध्यापकांचे नाव असे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल, पण मग आत विद्यार्थी-संपादक म्हणून आमची छायाचित्रे छापायची ती कशासाठी?

म्हणून माझी सूचना अशी की प्रवेशिकेबरोबर विद्यार्थी संपादक मंडळाने लिहिलेले एक टिपण मागवावे. किती साहित्य आले, किती घेतले, एखादे लेखन का नाकारले, कोणते पुन्हा लिहून घेतले, हे त्यात असावे. जमल्यास एका कथेचा पहिला खर्डा आणि छापलेले रूप सोबत जोडावे. उचललेल्या मजकुराचा प्रश्नही यातून बराच सुटेल. संकेतस्थळांवरच्या कविता नाव बदलून देणारे आधीपासून होतेच. आता यंत्राकडून लिहून घेतलेले लेख येतात, ते इतके गुळगुळीत असतात की शुद्धलेखनाच्या रकान्यात त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. खर्डा दाखवा म्हटले की अशी माणसे आपोआप मागे सरतात.

ग्रंथपाल :

मला पोच या शब्दाचा वेगळा अर्थ सुचवायचा आहे. पारितोषिक मिळालेले अंकही कोणाला वाचायला मिळत नाहीत. स्पर्धेसाठी गेलेल्या प्रती विद्यापीठात गठ्ठ्यात राहतात, आणि महाविद्यालयात उरलेल्या प्रती आमच्या ग्रंथालयात बांधीव खंडांत जातात. एखाद्या लेखकाचे सुरुवातीचे लेखन शोधणारे अभ्यासक कधीमधी येतात, तेव्हा ते खंड उघडले जातात. एरवी तेथे धूळ असते.

अलीकडे बरीच महाविद्यालये अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर ठेवतात. परंतु अक्षरजुळणी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखी वाचता येणाऱ्या पद्धतीत, नसून जुन्या टंकात झालेली असल्यामुळे त्यात शोध घेतला की काहीच सापडत नाही, आणि मजकूर उतरवून घेतला तर अगम्य चिन्हे येतात. स्पर्धेच्या नियमावलीत ‘विद्यार्थ्यांचे साहित्य युनिकोडमध्येही सादर करावे’ असे एक वाक्य आले तर काही वर्षांत विद्यार्थी लेखनाचा मोठा शोधण्याजोगा संग्रह उभा राहील. पारितोषिकप्राप्त कथा-कवितांचे छोटे संकलन विद्यापीठाने दरवर्षी काढावे आणि ते संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना पाठवावे. दिवाळी अंकांनाही पुरस्कार दिले जातात, पण ते अंक आधी वाचकांपर्यंत गेलेले असतात. महाविद्यालयीन अंकाला परीक्षक हाच पहिला आणि अनेकदा शेवटचा बाहेरचा वाचक असतो.

मुद्रितशोधक :

युनिकोडच्या मागणीला मुद्रणालयांकडून विरोध होईल, कारण जुने साचे जुन्या टंकांत आहेत. पण मुले हल्ली मोबाईलवर युनिकोडमध्येच लिहून पाठवतात. आम्हीच ते जुन्या टंकात बदलून घेतो, आणि त्या बदलात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. शुद्धलेखनाचे गुण कापले जातात त्यांतल्या काही चुका विद्यार्थ्यांच्या नसतात, त्या अशा रूपांतरात घुसलेल्या असतात. तेव्हा मूळ मजकूर तसाच मागवून घेणे सोपे आहे आणि त्यात मुलांचा फायदाही आहे.

आकडेमोड :

खर्ड्याची आणि संपादकीय टिपणाची सूचना मला व्यवहार्य वाटते, कारण ती महाविद्यालयाकडून मागवायची आहे आणि त्यासाठी विद्यापीठाला खर्च नाही. श्रेणीची कल्पनाही परिपत्रकात बसू शकते. फिरती ढाल ठेवायचीच असेल तर ती सर्वोच्च श्रेणीतील एकाला देता येईल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये जो श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आराखडा दिला, त्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांच्या शेजारी नियतकालिक संपादन ठेवण्याचा प्रस्ताव एखाद्या अभ्यास मंडळाने दिला तर तो विचारार्थ घेता येईल. मात्र एक इशारा देतो. श्रेयांक आला की हजेरीपत्रक येते, आणि ज्यांना संपादनात रस नाही अशांची गर्दी होते. लहान संपादक मंडळ आणि खर्ड्यांची वही हाच त्या श्रेयांकाचा पुरावा मानला तरच ते काम नीट चालेल.

अभिप्रायाबाबत माझी शंका कायम आहे. मानधनाचा प्रश्न सोडवल्याशिवाय तो बारा ओळींचा अभिप्रायही ‘अंक वाचनीय आहे, शुभेच्छा’ एवढ्यावर येईल. मी असे शेरे पाहिले आहेत.

खानदेशी :

त्यावर एक तोडगा आहे, तो विद्यापीठाची वाट न पाहता करता येईल. दोन शेजारच्या महाविद्यालयांच्या विद्यार्थी संपादक मंडळांनी एकमेकांचे अंक वाचून अभिप्राय लिहावेत आणि पुढच्या अंकात ते छापावेत. मुलांनी मुलांविषयी लिहिलेले शेरे परीक्षकांपेक्षा कडक असतात, असा माझा अनुभव आहे. यात प्रवासभत्त्याचा प्रश्नच येत नाही.

पानपूरक :

ही सूचना मला सर्वांत जास्त आवडली, कारण अभिप्राय त्याच शैक्षणिक वर्षात हाती येण्याची शक्यता या एकाच मार्गात आहे. सर्वांच्या सूचनांवरून विद्यार्थी विकास मंडळाकडे पाठवण्यासाठी एक निवेदन तयार करतो आहे. त्यात पुढील मागण्या असतील : शंभरपैकी निम्मे गुण विद्यार्थ्यांच्या लेखनाला आणि ते भाषावार विभागून, शुद्धलेखनाऐवजी संपादन व मुद्रितशोधन, क्रमांकांऐवजी श्रेणी, संपादक मंडळाचे टिपण आणि एका लेखनाचा खर्डा, विद्यार्थ्यांचा मजकूर युनिकोडमध्ये, आणि पारितोषिकाचे पत्र माजी विद्यार्थी-संपादकाच्या पत्त्यावर वेगळे पाठवणे. मानधनाविषयी आकडा लिहायचा तर तो ‘आकडेमोड’ यांनीच सुचवावा, कारण मंजूर होण्याजोगी रक्कम किती असते हे मला ठाऊक नाही.

अंकांच्या अदलाबदलीसाठी मी माझ्या महाविद्यालयाचा अंक द्यायला तयार आहे. ‘खानदेशी’ आणि ‘सोलापूरकर’ यांच्या ओळखीच्या महाविद्यालयांनी तयारी दाखवली तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी गठ्ठे टपालात टाकता येतील. उर्दू विभाग वाचू शकणारे कोणी येथे असतील तर त्यांनीही कळवावे.